डावी कड

सारा डोंगर त्याला टकटकमामा म्हणायचा. घाटातल्या जुन्या रेल्वेवर तो चावीवाला होता. लांब दांड्याचा हातोडा खांद्यावर टाकून रोज सहा मैल चालायचं, रुळाला धरून ठेवणारी एकेक चावी ठोकून बघायची, ढिली असली तर घट्ट करायची. ढिली चावी त्याला नुसत्या आवाजावरून कळे. माणसं मात्र कळत नाहीत, असं त्याची बायको म्हणे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

गाडी आता हवापालटाला येणाऱ्यांपुरतीच धावायची. तिच्या वाटेनं हौशी लोक पायी येत आणि दगडाआड डबे लपवून ठेवत. डब्यात एक वही आणि एक रबरी शिक्का. ज्याला डबा सापडेल त्यानं त्यातला शिक्का आपल्या वहीत मारायचा, स्वतः कोरून आणलेला शिक्का डब्यातल्या वहीत मारायचा, शेजारी तारीख घालायची आणि डबा होता तिथं ठेवायचा. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं म्हणत मामानं पहिले दोन डबे दरीत भिरकावले होते. तिसऱ्या बोगद्याच्या तोंडाशी सापडलेला डबा त्यानं भिरकावण्याआधी उघडला, हे नशीब.

वहीत एक ठसा होता. लांब दांड्याचा हातोडा, दांड्याच्या टोकाचा कपचा उडालेला. हातोडा मामाचाच. ठशाची डावी कड फिकी होती. त्याचं पोर डावखुरं, आणि त्या हाताची शेवटची दोन बोटं याच बोगद्याशी गेली होती.

पोराला रूळदुरुस्तीच्या टोळीत चिकटवलं ते मामानंच. त्या दिवशी त्यानं रूळ पहारीवर उचलून धरला होता, खाली पोराचा हात होता, आणि साहेबानं हाक मारली. मामा वळला. पहार सुटली. चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, ‘कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे’, आणि खाली साक्षीदार म्हणून बापाची सही. पोटावर पाय येईल म्हणून केली, असं तो स्वतःला सांगत आला. पोर इस्पितळातून सुटलं ते घरी आलंच नाही. पत्र नाही, फोन नाही.

वर्षातून दोनदा ठसा तेवढा उमटे. दोन ओळी खरडायला काय जात होतं त्याचं! पण पोर जिवंत आहे, एवढं त्या ठशावरून कळे. मामा घरी आला की स्टेशनच्या छपरीत चहा विकणारी बायको आधी विचारी, “उमटला का?” उमटला असला की दोघंही दोन घास जास्त जेवत.

मग दहा महिने ठसा नाही. मामा आधी आठवड्याला डबा उघडे, मग रोज. अन्नावरची वासना उडाली. एकदा तर शिट्टी ऐकूनही तो रुळावरून हलला नाही. चालकानं कशीबशी गाडी थांबवली आणि शिव्यांची लाखोली वाहिली.

पुढच्या आठवड्यात ठसा आला. मामा तिथंच खडीवर बसला आणि वेड्यासारखा एकटाच हसला. मग त्यानं वही डोळ्यांजवळ नेली. डावी कड फिकी नव्हती. चारी बाजूंनी ठसा कसा ठसठशीत होता.

तो छपरीत आला तेव्हा बायको चहा गाळत होती. उमटला का, असं तिनं विचारलं नाही. तिच्या अंगठ्याला निळी शाई होती.

“शिक्का तुझ्याकडे कुठून आला?”

तिनं किटली खाली ठेवली. “पोस्टमननं आणला. पत्राबरोबर. पोराच्या खोलीतल्या सोबत्यानं पाठवला.”

“कधी?”

“झाले चार महिने. ताप भरला होता म्हणे. तीन दिवसांत आटोपलं सगळं.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“काय सांगू? तुम्ही गाडीपुढे उभे राहिलात. म्हटलं, एक ठसा मारून यावं, निदान जेवाल तरी. तुम्ही कडा बघत बसता, हे मला काय ठाऊक!”

त्याला राग यायला हवा होता. आली ती शरम. चार महिने ही बाई एकटी रडली होती आणि गिऱ्हाइकांना चहा देत राहिली होती.

“माझ्याबद्दल काही लिहिलंय?”

“नाही हो,” ती म्हणाली, आणि पत्र त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बोगद्याच्या तोंडाशी हातोडा टेकवून ठेवला आणि डबा काढला. पोराचा शिक्का डाव्या हातात धरला, शेवटची दोन बोटं दुमडली आणि दाबला. डावी कड फिकी उमटली. शेजारी त्यानं पत्रातली, पोर गेल्याची तारीख घातली. मग त्याखाली, पुढच्या येणाऱ्याला नीट वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं, ‘पहार माझ्या हातून सुटली’, आणि चौकशीच्या कागदावर केली होती तशीच पूर्ण नावानिशी सही केली.