उंबऱ्यावरचा उतार

आमची आत्या कुठल्याही घरात गेली, की आधी दारात फतकल मारून बसायची आणि बसल्या बसल्याच खोली न्याहाळायची. "उभ्यानं बघितलं की निम्मं घर दिसत न्हाई," म्हणायची. बाईचं डोकं फिरलंय, असं साताऱ्यातल्या आमच्या आळीनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि थोरला भाऊ पलटणीत होता. मी सहा वर्षांची असताना तापात माझे पाय गेले. वारा लागू नये म्हणून मला बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत, उंच पलंगावर ठेवलं होतं. खाली उतरायचं तरी आईला हाक मारावी लागे. म्हसवडहून आत्या आली, त्या खोलीच्या दारात बसली आणि आईला म्हणाली, "वैनी, पोरगी जिती हाय न्हवं? मग कणगीतल्या जुंधळ्यागत का ठेवलीया?"

तिनं माझ्यासाठी रस्त्याकडची पुढची खोली मागितली. ती वडिलांची बैठक. वडील शाळामास्तर, आल्यागेल्याला कुठं बसवायचं, म्हणून कुरकुरले.

"लोकं वट्ट्यावर बसतील, दादा. त्यांचं पाय धड हायेत."

बैठक हलली. आत्यानं बाजेचे पाय कापून ती वीतभर उंचीवर आणली. पेटीच्या कोपऱ्यांना फाटक्या वाकळेच्या चिंध्या गुंडाळल्या. मला धरून सरकता यावं म्हणून भिंतीकडेनं विहिरीचा जुना दोर खुंट्यांना ताणून बांधला. मग चुन्यानं आणि गेरूनं भिंतीवर पोपट, ऊस, मोटेचे बैल काढले, पण सगळे माझ्या बसल्या नजरेला येतील असे. वडिलांना ते वाकून बघावे लागले. "वर कुणासाठी काढू?" ती म्हणाली. "उभ्या माणसाला आभाळ हाय की."

राहिला उंबरा. तो ओलांडल्याशिवाय अंगण नाही, आणि मला तो ओलांडता येईना. आत्या दोन्ही बाजूंनी माती घालून तो बुजवायला लागली, तेव्हा मात्र वडील भडकले.

"रोज हळदकुंकू वाहतो आपण त्याला. घरात लक्ष्मी यायची कशी?"

"लक्ष्मी पायानं येती, दादा. ही कशानं जाणार?"

वडील तडक शाळेत निघून गेले. संध्याकाळी परतल्यावरही त्यांनी माती काढली नाही.

पण आत्यानं तो उतार शेणानं असा गुळगुळीत सारवला, की मी घसरले ती थेट अंगणात. कपाळाला हे टेंगूळ. आत्या स्वतःवरच चिडली. "सारवायची खोड गं बाय, हात गुळगुळीतच फिरतोय." तिनं माती पुन्हा भिजवली आणि ओली असतानाच पाची बोटं आडवी ओढून खाचा पाडल्या. त्या वाळल्यावर माझ्या हातांचे तळवे त्यांत घट्ट बसले. त्या दिवशी मी कुणालाही हाक न मारता अंगणात जाऊन बसले. एवढा आनंद मला पुढं क्वचितच झाला.

दर दिवाळीला येऊन ती उतार नवा करायची. लढाई संपली, भाऊ परतला, त्याचं लग्न ठरलं आणि लग्नाआधीच आत्या म्हसवडला वारली. मी फार रडले. त्यातच शेजारच्या बायका म्हणू लागल्या, नवरीनं माप ओलांडायला उंबरा नको का, ती माती खणून काढा.

वडील घरात कधी गावाकडचं बोलत नसत. त्या दिवशी म्हणाले, "माप उतारावरच ठिवा. माझ्या भनीच्या हातची माती हाय ती."

वहिनीनं पायानं माप लवंडलं. तांदूळ घरंगळत आत आले आणि आत्याच्या बोटांच्या खाचांत अडकून राहिले. सगळे पंगतीला गेल्यावर मी ते वेचत बसले. वेचताना एकेका खाचेत माझं बोट ठेवून पाहिलं. तिची बोटं माझ्यापेक्षा पुष्कळ जाड होती.