चमचाभर काढा

पातेल्यावर वाकायचं, डोळे मिटायचे, हाताच्या पंज्याने वाफ नाकाकडे ओढायची, आणि मग अगदी हळू म्हणायचं, “बसला वास.” क्लबात सगळे ज्यांना मामा म्हणत, त्यांच्या तोंडून हे दोन शब्द निघाल्याशिवाय गरम रमचा एकही ग्लास बाहेर जात नसे. बाहेर मेंबर लोक स्वेटर-मफलर घालून कितीही ताटकळले तरी नाही.

पण हा माणूस त्या पातेल्यापर्यंत पोचला कसा, ते आधी सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मामांचं घर गांधीबागेच्या पलीकडे, विणकरांच्या वस्तीत. वडील हातमागावर लुगडी विणायचे. व्यापारी सूत द्यायचा, लुगडं झालं की मजुरी. वडील आधी मजुरी प्यायचे आणि ती संपली की सूत विकून प्यायचे. मोहाची दारू. सूतच गेल्यावर लुगडं कशाचं होणार? मग व्यापाऱ्याचा माणूस दारात उभा राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचा. आई लोकांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरायची आणि पोरांना कण्या शिजवून घालायची, कण्या नसल्या तर नुसती पेज. एका थंडीच्या सकाळी वडील मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते, ते बसल्या जागीच गेलेले सापडले.

त्यानंतर आईने महानुभाव पंथाचा उपदेश घेतला आणि थोरल्या पोरालाही, म्हणजे मामांना, घ्यायला लावला. मांस नाही, दारू नाही. दारूचा थेंब जिभेवरसुद्धा नाही.

आणि त्या पोराला काम मिळालं ते सिव्हिल लाईन्समधल्या एका क्लबात, दारूच्या खोलीत. मी शिकलेला माणूस, नशीब वगैरे मानत नाही; पण याला दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. आईला त्यांनी “किचनमधे आहो” एवढंच सांगितलं. तिने पुढे विचारलं नाही. घरात ज्वारी येत होती.

मी त्या क्लबात कारकून म्हणून लागलो तो सत्तरच्या दशकातला काळ. मीही मागावरच्याच घरचा, उमरेडचा. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला, हे मी कोणी न विचारताही सांगत असे. मामांनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं. तेव्हापासून मी “बी.ए. बाबू”. चहा सांडला तरी म्हणायचे, बी.ए. बाबू, हे कोणत्या वर्षाले शिकवते गा?

दारूचं सरकारी परमिट असलेले मेंबर यायचे आणि डिसेंबर लागला की बाकी सगळं सोडून मामांची गरम रम मागायचे. मामा तिला रम म्हणत नसत, काढा म्हणत. पाण्यात गूळ, लवंग, दालचिनी, दोन-चार मिरे, आणि वाळवलेली संत्र्याची साल. हे शेगडीवर उकळायचं, गाळायचं, शेगडीवरून उतरवायचं, आणि मग रम. उतरवल्याशिवाय रम नाही, हा नियम. शेगडीवर ओतली की तिचा जीव जातो, असं ते म्हणत. ज्या वस्तूचा थेंब कधी चाखला नाही, तिच्या जिवाची एवढी काळजी करणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी तरी तो एकच पाहिला. सगळं नाकावर चालायचं.

मग एका दिवाळीनंतर त्यांना मोठा ताप आला. तापाबरोबर सर्दी. दोन्ही गेले, आणि जाताना मामांचं नाक घेऊन गेले.

मला ते कळलं गुळामुळे. मी माझ्या टेबलाशी होतो आणि जळका वास सगळ्या व्हरांड्यात पसरला होता. धावत आत गेलो तर मामा पातेल्यासमोरच उभे, शांतपणे ग्लास पुसत. तळाशी गूळ काळा झालेला. मी पातेलं ओढलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “जळून राह्यलं होतं काय?” मग टोपलीतलं एक संत्रं उचललं, नखाने साल फोडली, बोटांत चुरगाळून नाकाशी धरली. बराच वेळ धरली. डॉक्टर म्हणाले, येईलही परत, नाही सांगता येत. परत आलं नाही.

हिवाळा तर तोंडावर होता. काढा कधी कडू व्हायचा, कधी नुसतं गुळाचं पाणी. एक मेंबर हसत म्हणाले, आज मामांनी जुलाबाचं औषध पाजलं. दुसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही. क्लबाचे सेक्रेटरी म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ, माणूस वाईट नव्हता. त्यांनी मामांना बोलावून सांगितलं की असंच चाललं तर बागेत काम देतो, बारमध्ये दुसरा माणूस ठेवतो.

बागेत गेले तर हिवाळ्याची बक्षिसी गेली. आणि त्या बक्षिसीवर मामांची मुलगी वर्ध्याला शिक्षिकेचा कोर्स करत होती. दोन वर्षांचा, नुकताच सुरू झालेला. घरी नातेवाईक टपलेलेच होते. पोट्टीले शिकवून काय मास्तर बनवतं काय, असं विचारायचे, आणि मामा म्हणायचे, हो, तेच. पैसा थांबला असता तर पोरगी कोर्समधून थेट मांडवात गेली असती. दोन हिवाळे निभावायचे होते, एवढाच प्रश्न होता. पण केवढा!

मी माप ठरवायला सांगितलं. इतका गूळ, इतक्या लवंगा, लिहून भिंतीला लावू. तेही करून पाहिलं. पण डिसेंबरची साल वेगळी आणि संक्रांतीनंतरची वेगळी, गूळ तर दर खेपेला निराळा. मापाचा काढा एक दिवस जमला, दुसऱ्या दिवशी बिघडला. मग मी म्हणालो, मामा, मी चाखतो, मला कसला उपदेश नाही.

त्यांनी पळी खाली ठेवली.

“तुह्या बापानं तुले याच्यासाठी शिकवलं काय? चमच्यापासून माणूस कुठी जाते, ते मले माहीत आहे. तुले नाही.”

दोन दिवसांनी संध्याकाळी, मेंबर यायच्या आधी, त्यांनी मला आत बोलावलं. काढा तयार होता, रम पडली होती. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि एक चमचा तोंडात घातला. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ हलली नाही. मग त्यांनी गुळाचा एक खडा टाकला, ढवळलं, आणि ग्लास भरायला घेतले. त्या संध्याकाळी मेंबरांनी दुसरा-दुसरा ग्लास मागितला.

पहिली गर्दी ओसरल्यावर मामा मागच्या पायरीवर येऊन बसले. मी शेजारी बसलो. मला वाटलं, उपदेश मोडला म्हणून रडतील. ते म्हणाले, “बुढा काहून पेत होता, ते मले आज समजलं गा. थंडीत त्या खड्ड्यात बसून विणे. मी त्याले साऱ्या जन्माच्या शिव्या देल्या.” मग म्हणाले, “मले आवडली, बाबू. पंचाईत तेच आहे.”

ते जर म्हणाले असते की कडू लागली, घशाखाली उतरेना, तर मी त्या रात्री निवांत झोपलो असतो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पद्धत घालून दिली. रोज एकच चमचा, आणि तो घेताना मी समोर हजर पाहिजे. दुसरा चमचा भरला तर पातेलं हातातून काढून घे, सेक्रेटरीला सांग, माझी लाज धरू नको. मी कारकून, माझं काम हिशेब आणि परमिट. पण त्या दोन हिवाळ्यांत रोज संध्याकाळी मी टेबल सोडून त्या शेगडीशी जाऊन उभा राहिलो.

घरी त्यांनी देवपूजेला हात लावणं सोडलं. पंथाची मंडळी जमायची तिथे हे दाराबाहेर चपलांपाशी बसायचे. लोकांना वाटलं, क्लबात राहून माजला. मी म्हटलं, तुमच्यात प्रायश्चित्त असतं ना, ते घ्या आणि मोकळे व्हा.

“उद्या बी चाखाचंच आहे. मंग आज माफी कायची मागू?”

मी चार वर्षं कॉलेजात घालवली, तत्त्वज्ञान हा विषय होता. मी टेबलाशी जाऊन परमिटांची वही उघडली.

मामांच्या म्हाताऱ्या आईला कळायला वेळ लागला नाही. एके दिवशी दुपारी ती क्लबाच्या मागच्या फाटकाशी आली, काठी टेकत, आणि मला बोलावून घेतलं. पोरगा पेऊन राह्यला काय, एवढंच तिने विचारलं. मी काही लपवलं नाही. नाक गेल्यापासून चमच्यापर्यंत सगळं सांगितलं, नातीच्या कोर्सचंही सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “एकच चमचा?”

“एकच.”

“त्याच्या बापानं बी एकापासूनच सुरू केलं होतं.”

आणि निघून गेली.

त्या दिवसापासून मामा घरी पोचले की म्हातारी उंबऱ्यात बसलेली असायची. पन्नाशीचा माणूस, केस पिकलेले, बारमध्ये जज्ज आणि वकील ज्याला मामा म्हणायचे, तो रोज आईपुढे वाकून तोंड उघडायचा. ती हुंगायची. चमच्याचा वास आणि ग्लासाचा वास तिला वेगळा कळत होता; नवऱ्याने तिला तेवढं शिकवलं होतं. मग ती बाजूला सरकायची. गल्लीतली पोरं हसायची. मला हे सांगताना मामा स्वतःही हसले, म्हणाले, “एका घराले एक नाक पुरते गा.”

दुसऱ्या हिवाळ्यात एक संध्याकाळ वाईट आली. थंडी कडाक्याची होती. सकाळी मामांचा धाकटा भाऊ भांडून गेला होता. मुलीला एक स्थळ आणलं होतं, हो म्हणा नाहीतर आजपासून भाऊ मेला समजा, असं बोलून गेला. मामांनी दिवसभर तेच ग्लास पुन्हा पुन्हा पुसले. संध्याकाळी त्यांनी चमचा घेतला, काढा ठीक होता, मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आणि तरी त्यांनी चमचा पुन्हा बुडवला.

भरलेला चमचा हातात, हात तोंडापाशी. मी पुढे झालो नाही. पातेलं काढून घ्यायचं ठरलं होतं. पण वडिलांच्या वयाच्या माणसाच्या हातातलं कसं काढून घेणार? मी फक्त म्हणालो, “मामा.” ते माझ्याकडे पाहत राहिले, जणू मी कोण ते आठवत नव्हतं. मग त्यांनी चमचा निखाऱ्यांवर उपडा केला. चर्र झालं, वाफ उठली. ती वाफ त्यांच्या तोंडावर आली तेव्हा त्यांनी सवयीने डोळे मिटून श्वास ओढला. त्यांना काही कळलं नसणार. मला मात्र लवंग, संत्र्याची साल आणि रम, सगळं कळत होतं.

“ग्लास आण,” ते म्हणाले. “लोक आले असतील.”

उन्हाळ्यात मुलीचा निकाल लागला आणि पावसाळ्यात उमरेडकडच्या एका गावच्या शाळेत तिची नेमणूक झाली. मामांनी त्याच आठवड्यात क्लब सोडला. सेक्रेटरींनी थांबवून पाहिलं, हिवाळ्यापुरते तरी या म्हणाले. मामा म्हणाले, नाही साहेब, माझं काम झालं. मग ते गेले आणि प्रायश्चित्त मागितलं. त्यात काय करावं लागलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पुढे दोन-तीनदा भेट झाली. पूजा पुन्हा सुरू होती. मी बोलता बोलता विचारलं, आता तर सुटलात? ते म्हणाले, “डिसेंबर लागला की याद येते गा. खोटं कायले बोलू?” ते मला फार लागलं. मला वाटलं होतं, माणूस जिंकला की जिंकला.

म्हातारी आधी गेली, आणि काही वर्षांनी मामाही गेले, थंडीतच. मला मुलीने कळवलं. मी गेलो तेव्हा ती शाळेतून सुट्टी घेऊन आली होती. आलेल्या बायाबापड्यांशी अगदी मास्तरणीच्या आवाजात बोलत होती. मला म्हणाली, शेवटच्या आजारात डॉक्टरांनी थोडी ब्रँडी द्यायला सांगितली होती, बाबांनी तोंड मिटून घेतलं.

लेक शिक्षिका झाली. बाप दारुडा झाला नाही. त्या घरात या दोन्ही गोष्टी पहिल्यांदाच घडल्या होत्या.