चिंचेनं घासलेली समई

आमच्या साहेबांना जुन्या वस्तू जमवायचा नाद होता. मी त्यांचा कारकून. जुन्नरच्या बाजारात जुनी पितळी भांडी विकणाऱ्या एका चाचांकडे त्यांनी एक काळीकुट्ट समई पसंत केली आणि दुसऱ्या दिवशी ती आणायला मला पाठवलं.

चाचांनी समई दोन्ही हातांनी पुढं केली. चिंचेनं आणि राखेनं घासून ती त्यांनी लखलखीत केली होती. तिचं सगळं काळेपण त्यांच्या बोटांच्या पेरांत उतरलं होतं.

"चाचा, साहेबांना ती काळीच हवी होती," मी म्हणालो.

त्यांना नवल वाटलं. "पावणं, दिवा हाय. कुणाच्या घरी काळा कसा धाडायचा?" मग समई माझ्या हातात देत म्हणाले, "काळी पायजे तर रोज लावा. आपोआप व्हईल."

साहेबांनी ती घेतली नाही, वर माझी अक्कल काढली. समई माझ्याकडंच राहिली. रोज संध्याकाळी मी ती लावतो. काजळी धरली की या वेळी तशीच ठेवायची, असं ठरवतो, आणि सकाळी माझाच हात चिंचेकडं जातो.