दोनदा विचारलेला प्रश्न

टेपबाईंच्या नाकावर चष्मा असायचा आणि राग बाकी सगळीकडे. गळ्यात मापाची टेप, बोटांना खडूची पांढरी पूड, आणि तोंड उघडलं की समोरच्यानं गप्प ऐकून घ्यायचं. वीस-बावीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवले. गल्लीच्या तोंडाशी दोन मशिनं जेमतेम मावतील एवढं दुकान, बाहेर एक बाकडं, आणि शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात त्या बाकड्यावर पोरांची ही झुंबड. खरं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. नवरासुद्धा चेष्टेनं टेपबाईच म्हणायचा आणि मग दिवसभर त्यांची नजर चुकवत फिरायचा.

माप दोनदा घ्यायचं ही त्यांची शिस्त. छाती, कंबर, उंची, सगळं दोनदा. दोन आकडे जुळले नाहीत तर दुसरा खरा धरायचा, कारण पहिल्या वेळी पोर अंग चोरून उभं असतं.

अंग चोरून उभं राहणं त्यांच्याइतकं कुणी बघितलं नसेल. टेप गळ्याशी नेली की काही पोरं डोळे घट्ट मिटायची. हात नुसता वर गेला तरी खांदे कानांना भिडायचे. कुणाच्या घरी हात चालतो, हे शाळेच्या आधी, शेजाऱ्यांच्या आधी टेपबाईंना कळायचं. आणि कळून त्यांनी काय केलं? गणवेश शिवला. काजं केली, बटणं लावली, घडी घालून पिशवीत दिला, वर 'पुढच्या वर्षी उंची वाढेल, दुमड जास्त ठेवलीय' म्हणून सांगितलं. बावीस वर्षं मूग गिळून बसल्याचा राग त्यांना स्वतःचाच यायचा, आणि तो निघायचा भलत्यावरच. बिचारा नवरा त्यात भाजून निघायचा.

सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी समुपदेशकाच्या एक वर्षाच्या वर्गात नाव घातलं. आठवड्यातून चार दुपारी. दुकान अर्धा दिवस बंद. लोकांनी विचारलं, हे काय नवीन खूळ? त्यांनी सांगितलं, तुमच्या पोरांशी बोलायला शिकतेय, तुम्ही बोलत नाही म्हणून.

वर्ग चालवायचे ते सर गोड बोलायचे. इतकं गोड, की भांडायला निघालेला माणूस अर्ध्या वाटेतच विसरून जायचा कशासाठी निघालो होतो. भिंतीवर मोठा तक्ता होता: कोणत्या वयात मूल काय करतं. दोन वर्षांचं 'माझं माझं' म्हणतं, चार वर्षांचं प्रश्न विचारून जीव खातं, सात-आठ वर्षांच्याला वस्तूचा आकार बदलला तरी वस्तू तेवढीच राहते हे उमगायला लागतं. सर सांगायचे, वागणं ही मुलाची भाषा असते. मुलाला आधी विश्वास लागतो, मग शिकवणी. टेपबाई सगळं वहीत उतरवून घ्यायच्या आणि मनातल्या मनात म्हणायच्या, हे मला पोरांच्या खांद्यांनी केव्हाच सांगितलं होतं.

समोरच्याच्या भावना त्याला परत बोलून दाखवायच्या, हा एक धडा होता. तो त्यांनी घरी करून बघितला. नवरा म्हणाला, जेवणात मीठ कमी आहे. टेपबाई पुढे झुकल्या, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाल्या, तुम्हाला निराश वाटतंय असं मला जाणवतंय. नवऱ्यानं ताट खाली ठेवलं. म्हणाला, मला मीठ पाहिजे. तो धडा घरात पुन्हा झाला नाही.

सहा महिने झाल्यावर प्रत्येकाला शाळेत कामाला पाठवलं. टेपबाईंना मिळाली ती जिचे गणवेश त्यांनी शिवले तीच शाळा. अभ्यासात मागे पडलेल्या पोरांची छोटी तपासणी करायची आणि छापील कागद भरायचा. त्यात एक पाण्याचा खेळ होता. दोन सारखे पेले, दोन्हीत सारखं रंगीत पाणी. मुलाला दाखवायचं, सारखं आहे ना? मग त्यातल्या एकातलं पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतायचं आणि विचारायचं, आता कशात जास्त? लहानगं म्हणतं उंच पेल्यात. समज आलेलं मूल म्हणतं, तेवढंच आहे. खाली चौकट, त्यात मुलानं दिलेलं शेवटचं उत्तर लिहायचं.

टेपबाईंनी काय केलं असेल? दोनदा विचारलं. हाताची सवय तोंडात आली. मूल म्हणालं तेवढंच, की ह्या म्हणायच्या, नीट बघ, परत सांग. आणि दुसरं उत्तर खरं धरायच्या. सरांनी ते पाहिलं आणि भर वर्गात त्यांचं कौतुक केलं. खात्री करून घेणं ह्यांच्याकडून शिका, म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सगळे शिकाऊ दोनदा विचारायला लागले. महिन्याभरात त्या शाळेत 'वयाच्या मानाने मागे' असलेली बारा मुलं निघाली. एवढी मागची मुलं आजवर दडून कुठे बसली होती, हे विचारायचं ना सरांना सुचलं ना टेपबाईंना.

त्या बारांत एक आठ वर्षांची मुलगी होती. बारीक चणीची, वर्गात तोंडातून शब्द न काढणारी. टेपबाईंनी तिचा गणवेश दोन वर्षांपूर्वी शिवला होता आणि तो अजून तिला होत होता. पाणी ओतल्यावर ती पटकन म्हणाली, तेवढंच. टेपबाईंनी परत विचारलं. मुलीनं खाली बघितलं, बोटानं उंच पेला दाखवला. टेपबाईंनी चौकटीत लिहिलं: उंच पेल्यात जास्त.

त्या एका ओळीवर ठरलं की मुलीला मागच्या खोलीत बसवायचं. व्हरांड्याच्या टोकाला ती खोली होती. कागदोपत्री तिचं नाव विशेष वर्ग. तिथे एक थकलेली बाई सगळ्या वयाच्या पोरांना दिवसभर रंगवायला बसवायची. तिथे गेलेलं मूल परत आपल्या वर्गात आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मुलीची आई दुकानात आली. लाँड्रीत इस्त्री करणारी बाई. मनगटावर भाजल्याचे जुने डाग. तिनं आवाज चढवला नाही, ते टेपबाईंना जास्त लागलं. ती म्हणाली, "माझी पोरगी रोज सकाळी दूध वाटते. तीन भावंडं, घरात एक पेला, एक वाटी, एक बरणी. तिघांना सारखं देते. थेंबभर इकडे-तिकडे झालं तर धाकटा घर डोक्यावर घेईल. तिला पाणी कळत नाही म्हणता?"

बाई गेली. टेपबाईंनी मशीन बंद केलं आणि तशाच शाळेत गेल्या. मधली सुट्टी होती. मुलगी व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभी होती. टेपबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि विचारलं, त्या दिवशी तू आधी बरोबर सांगितलंस, मग का बदललंस?

मुलीनं कठड्यावरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाली, "तुम्ही परत विचारलंत."

"मग?"

"बरोबर असलं की बाई पुढचं विचारतात. चुकलं की म्हणतात, परत सांग."

बस्स. टेपबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना सगळं लख्ख दिसलं. वर्गात, घरी, पाढे म्हणताना, शुद्धलेखन तपासताना, ह्या पोरीला आजवर ज्या मोठ्या माणसानं दुसऱ्यांदा विचारलं त्यानं ती चुकल्यावरच विचारलं. तिनं पाण्याचं उत्तर बदललंच नव्हतं. समोरच्या बाईला काय हवंय, ते ओळखलं होतं. ह्याला अक्कल लागते. आणि त्या अकलेला आपण 'मागे' असं लिहून आलो. कापडाला काय, दोनदा मोजलं काय नि दहादा मोजलं काय, कापड कुणाला घाबरत नाही. एवढी साधी गोष्ट, आणि सहा महिने त्या वागणं ही भाषा आहे म्हणून घोकत होत्या!

त्यांनी मुलीकडे बघितलं. म्हणाल्या, "तू बरोबर होतीस. चुकले मी. दोनदा विचारायला नको होतं."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मोठं माणूस चुकलं म्हणतंय, हे कसं घ्यायचं ते तिला कळेना. घंटा झाली, ती आत गेली.

सरांकडे त्या गेल्या ते भांडायलाच. म्हणाल्या, बाराच्या बारा कागद फाडा, पोरांना परत बसवा आणि एकदाच विचारा. सरांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं. म्हणाले, तुमच्या मनात अपराधी भावना दाटून आलीय असं मला जाणवतंय. टेपबाई म्हणाल्या, माझ्या मनाचं राहू द्या, पोरीच्या वर्गाचं बोला. सर म्हणाले, पद्धत एकदा ठरली की मधेच बदलता येत नाही, अहवाल शाळेला गेलाय, आणि शिवाय पद्धत तुमचीच. हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. गोड बोलून काखा वर करणाऱ्या माणसाचा जेवढा राग यावा तेवढा त्यांना आला, आणि त्याच्या दुप्पट स्वतःचा.

शेवटी मुलीच्या आईनं मुख्याध्यापिकेकडे तक्रार दिली, म्हणून फेरतपासणी ठरली. एकट्या तिचीच. सर स्वतः घेणार, आहे त्याच पद्धतीनं. टेपबाईंनी मागे भिंतीशी बसायचं, शब्द काढायचा नाही, खूण करायची नाही. केली तर तपासणी रद्द, मुलगी मागच्या खोलीत, आणि टेपबाईंचं प्रमाणपत्रही गेलं. प्रमाणपत्राला त्यांनी मनातल्या मनात जी शिवी दिली ती इथे सांगण्यासारखी नाही. पण पहिल्या दोन गोष्टींसाठी त्या गप्प बसायला तयार झाल्या.

मुख्याध्यापिकेच्या खोलीत टेबलावर काच, काचेखाली वेळापत्रक, वर पेले. मुलगी खुर्चीच्या काठावर, पाय अधांतरी. सरांनी पाणी ओतलं. आता कशात जास्त, विचारलं. मुलगी म्हणाली, तेवढंच.

सर हसले. मायेनं हसले, हे त्यांचं त्यांना खरंच वाटत असणार. म्हणाले, "घाई नको. नीट बघ. परत सांग, कशात जास्त?"

मुलीची मान खाली गेली. खांदे वर आले. टेपबाईंना ते खांदे पाठ होते. असे खांदे त्यांनी बावीस वर्षं टेपेखाली बघितले होते, आणि आता त्या काही न करता बसल्या होत्या. त्यांनी खुर्चीचा दांडा असा धरला की बोटं पांढरी पडली. ओरडावं, पेले उलथून टाकावेत, सरांची कॉलर धरावी, सगळं मनात येऊन गेलं. मुलीनं वळून मागे बघितलं. टेपबाई हलल्या नाहीत. फक्त तिच्याकडे बघत राहिल्या, त्या दिवशी व्हरांड्यात बघितलं होतं तसं.

मुलगी परत पुढे वळली.

"मघाशी सांगितलं ना," ती म्हणाली. "तेवढंच आहे."

सरांनी तिसऱ्यांदा विचारलं. खात्री आहे का?

"तुम्हीच ओतलंत," मुलगी म्हणाली. आवाज कापत होता, पण मोठा होता. "सांडलं का तुमच्याकडून? नाही ना? मग तेवढंच असणार. सारखं सारखं काय विचारताय?"

मुख्याध्यापिकांनी एकदा पेल्याकडे बघितलं, एकदा सरांकडे. मग म्हणाल्या, ही आपल्याच वर्गात बसेल, आणि बाकीच्या अकरांना सोमवारी पुन्हा बोलवा, एकेकदाच विचारा. सरांनी मान डोलावली, पेनाचं टोपण काढलं आणि कागद भरायला घेतला. मुलगी खुर्चीवरून उतरून पळाली, बाहेर आई उभी होती तिकडे.

पहिली तपासणी त्यांची, म्हणून कागद सहीसाठी टेपबाईंकडे आला. उत्तराच्या चौकटीत लिहिलं होतं: तेवढंच. समज, वयाला योग्य. आणि खाली वर्तनाच्या रकान्यात सरांनी आपल्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: उलट उत्तरे देते. उद्धटपणाकडे लक्ष पुरवावे.

टेपबाईंनी मुलीचे जुने कागद मागवले. शाळेत आल्यापासूनची तीन वर्षं. एकेक पान उलटलं. तीन वर्षं ती मुलगी वर्गात एक शब्द बोलली नव्हती, खांदे वर करून बसली होती, आणि तिन्ही वर्षी वर्तनाच्या रकान्यात एकच शब्द होता: चांगले.