मतदार यादीतली यमुना

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो.

आज इकडे, हिंदी मुलखातल्या आमच्या गावच्या सरकारी अभिलेखागारात गेलो होतो. देशाच्या पहिल्या निवडणुकीच्या मतदार यादीत आईचं नाव आहे का, एवढंच बघायचं होतं. तेव्हा कितीतरी बायकांनी नुसतं 'अमक्याची आई' सांगितलं आणि त्यांची नावं यादीतून गळली. आमची आई तर परक्या माणसाशी दाराआडूनच बोलायची.

आमच्या दाना ओली मोहल्ल्याचं पान निघालं. आमचं घर होतं, बाबांचं नाव होतं. पण आईचं 'लक्ष्मी' कुठंच नव्हतं. बाबांची पत्नी म्हणून भलतीच कुणी 'यमुना' लिहिलेली!

तिथल्या बाई हसून म्हणाल्या, "दादाजी, आप लोगों में तो शादी में नाम बदल देते हैं ना? मायके का नाम क्या था?"

शाळेतल्या कविता मला अजून तोंडपाठ आहेत. आईचं माहेरचं नाव आठवायला मात्र वेळ लागला. मग मामा आठवला. भाऊबीजेला दारातूनच ओरडायचा, "यमे, पाट मांड!"

लग्नात बाबांनी तांदळात लिहिलेलं नाव तिनं जन्मभर वागवलं. पण मतासाठी नाव विचारलं, तेव्हा तिनं स्वतःचं सांगितलं.

मी त्या नावावर हळूच बोट ठेवलं.

"छूना मना है, दादाजी," बाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

तुमच्या आईचं माहेरचं नाव काय होतं हो? आठवून खाली लिहाल?