शेवयांच्या गव्हाचे चार तास

त्या दिवसाची आठवण आली की आधी माझी पाठ दुखते, मग बाकीचं आठवतं. पाठीवर पंधरा लिटरचा फवारणीचा पंप आणि फेब्रुवारीत चैत्रासारखं ऊन. कपाशीची वेचणी लांबली म्हणून उंद्रीच्या वावरात गहू उशिरा पेरला होता. दाणा चिकात, अजून दुधाळ होता आणि उन्हानं तेव्हाच गाठलं.

वावरभर चिखलीहून आणलेलं बी होतं. विहिरीकडचे चार तास, म्हणजे पेरणीच्या चार ओळी, तेवढे वेगळे. त्यात सासूबाईंनी लग्नात धामणगाव बढ्याहून, माहेरून आणलेला जुना गहू, शेवयांचा. त्या गेल्या, पण मामाजी, म्हणजे माझे सासरे, दरवर्षी तो पेरायचे, हातानं झोडायचे आणि राखेत घालून ठेवायचे. आदल्या वर्षी डब्यात सोंडे झाले, किड्यांनी दाणे पोखरले. वाचलं तेवढं सगळं त्या चार तासांत पेरलं, मागे मूठभरही उरलं नाही. तिथं दाणा भरला नाही, तर तो गहू आमच्या घरातून गेला.

चिखलीच्या एका बैठकीत शेतीशाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. ऊन सोसायला झाड आपल्या आत एक द्रव्य तयार करतं, सॅलिसिलिक आम्ल. ते जरासं बाहेरून फवारलं, सोबत पालाश नि जस्त दिलं, तर पान जास्त दिवस हिरवं राहतं आणि दाण्याला भरायला वेळ मिळतो. आम्ल आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवायचं, नाहीतर तळाशी बसतं. मी आदल्या दिवशी गव्हाला हलकं पाणी दिलं आणि ऊन उतरल्यावर पंप उचलला. घरधनी चिखलीला दुकानात कामाला, त्यामुळे वावर माझ्याच गळ्यात.

सगळं वावर झालं, अर्धा पंप उरला. मी विहिरीकडे वळले तर मामाजी धुऱ्यावर, बांधावर उभे.

“तिकडं नको मारू. तुह्या सासूनं त्याले पाण्याबिगर कधी काही देलं नाही.”

“मामाजी, हे काही जहर नाही. उन्हासाठी आहे.”

“नको म्हणलं न.”

तीस वर्षं मी या माणसाशी हुज्जत घातली, आणि बरेचदा जिंकलेही. त्या दिवशी अंगात जीव नव्हता. थोड्या वेळानं ते दूध काढायला घरी गेले. वावरात मी एकटी. चार तास म्हणजे चालायला कितीसे, पण पंप पुन्हा पाठीवर घ्यायचा म्हटलं की डोळ्यांत पाणी यायचं. म्हातारा नको म्हणतो ना, मग मरू दे, असं मनात म्हटलं आणि अर्धा पंप धुऱ्यावर ओतून घरी आले. मला आजही त्याचा राग येतो, आणि तो मामाजींवर नाही.

सोंगणीला बाकीचा गहू बरा निघाला. फार नाही, पण घरी खायला पुरेल इतका. विहिरीकडचा मात्र जिऱ्यासारखा. मामाजींनी तो तीनदा पाखडला. उरलेले दाणे ओल्या फडक्यात बांधून पाच दिवस ठेवले, रोज सकाळी उघडून बघितले. मोड एकालाही आला नाही.

सहाव्या दिवशी त्यांनी फडकं दारात झटकलं. कोंबड्या धावल्या.

“मी त तवा घरी गेल्तो,” ते म्हणाले. “औषध मारून टाकायचं होतं. मले कुठं समजणार होतं?”

मी चुलीपाशी बसून होते. चुलीतलं लाकूड आत सारलं.

“उरलं नसन तुह्यापाशी औषध,” त्यांनीच म्हटलं.

“हाव, नव्हतं उरलं,” मी म्हटलं.