झाडांचं परिपत्रक

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून मला चोरून खाल्लेली जिलेबीही लपवता आलेली नाही.

मी शिक्षक चांगला होतो, हे आधीच सांगतो. खोटा विनय मला जमत नाही. बसवकल्याणजवळच्या आमच्या मराठी शाळेत सातवीचा निकाल माझ्या हाताखाली दरवर्षी शंभर टक्के लागायचा. आसपासच्या गावांतले लोक पोरं आणून माझ्या वर्गात बसवायचे. मला त्याचा गर्व होता — का नसावा?

म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, त्या सुमारास गिरजा माझ्या वर्गात होती. लहानपणी तापात तिचे कान गेले होते. पहिल्या बाकावर बसून ती माझ्या ओठांकडे बघायची. मी फळ्याकडे वळलो की तिचं लिहिणं थांबायचं, म्हणून मी वर्गाकडे तोंड करूनच बोलायला शिकलो. एवढंच लागायचं तिला. मराठी तर यायचंच. कन्नडही ती ओळीखालून बोट फिरवत सगळ्यांआधी वाचू लागली.

मग भीती कशाची होती? शुद्धलेखनाची. परीक्षेला बाहेरगावचे मास्तर यायचे, बाकांमधून फिरत उतारा सांगायचे. पाठमोऱ्या माणसाचे ओठ ती कसे वाचणार? ती नापास झाली की माझे शंभर टक्के गेले. 'हिच्यासमोर उभं राहून सांगा' — एवढंच मी त्या मास्तरांना म्हणायला हवं होतं. मी ते का टाळलं? अवघड होतं म्हणून नाही. कुणाला विनंती करणं मला कमीपणाचं वाटायचं.

फॉर्म भरायच्या दिवशी तिचे वडील तिला घेऊन आले. कन्नड ते फडाफडा बोलायचे, वाचता मात्र यायचं नाही. टेबलावर बीदरहून आलेलं एक कन्नड परिपत्रक पडलं होतं. मी ते पुढे केलं — आणि म्हणालो, ऐकू न येणाऱ्या मुलांना परीक्षेला बसवू नका, असा वरून हुकूम आहे.

"कामून गुर्जी? पोरगी तर समदं लिहायली की." मग त्यांनीच स्वतःची समजूत घातली, "सरकारचा कागदच हाय म्हणल्यावर आपण काय करावं."

गिरजानं कागद उचलला. ओळींखालून बोट फिरवत शेवटपर्यंत वाचला. शाळेच्या आवारात झाडं लावा, एवढंच त्यात होतं.

वडिलांनी तिचा दंड हलवून विचारलं, "तसंच लिहिलंय व्हय गं?"

तिनं माझ्या ओठांकडे पाहिलं. बराच वेळ. मी ते उघडले नाहीत.

"व्हय," ती वडिलांना म्हणाली, आणि कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

ती पुन्हा शाळेत आली नाही. निकाल त्या वर्षीही शंभर टक्के लागला. सत्काराला तिचे वडील आले होते. त्यांनी माझ्यासाठी हार आणला होता, आणि मी वाकून तो गळ्यात घालून घेतला.